नाव नसेल ते सगळ्यांचं

शनिवार, २४ ऑगस्ट

आले एकदाची. गाडीत मावेल तेवढंच सामान आणायचं ठरवलं होतं, त्यामुळे ते उतरवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. त्यातली दहा मदतीला धावून आलेल्या पोरापोरींची नावं लक्षात ठेवण्यात गेली, आणि तरी ती राहिली नाहीतच. चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थ्यांच्या घरात राहायला जातेय म्हटल्यावर माझी बहीण फोनवर हसता हसता खोकायला लागली होती. हसू दे. आईच्या आजारपणापायी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात सोडलेलं शिक्षण मला पुरं करायचंय. आई मार्चमध्ये गेली. आता कुणाला वेळेवर भरवायचं नाही, कूस बदलायला पहाटे उठायचं नाही. हात नुसते लोंबकळत असतात.

घर मला आवडलं. तीन मजली, पिवळं, लाकडी, व्हरांड्यात एक फाटका सोफा. सव्वीसजण राहतात. वॉर्डन नाही, स्वयंपाकी नाही. रांधणं, झाडणं, संडास घासणं सगळं पाळीपाळीनं. स्वयंपाकघर मॅरेन नावाची मुलगी सांभाळते. शेवटच्या वर्षाला आहे, खांदे रुंद, गालावर कायम पीठ. खोलीची किल्ली देण्याआधी तिनं माझ्या हातात निळ्या चिकटपट्टीचं एक भेंडोळं आणि काळा मार्कर ठेवला. जे तुझं असेल त्यावर तुझं नाव लिही, म्हणाली. नाव नसेल ते सगळ्यांचं. या घरात नियम म्हणावा असा हा एकच, बाकीचं आम्ही बोलून ठरवतो.

संध्याकाळी मी माझ्या चहाच्या डब्यावर, साबणावर, उशीवरसुद्धा पट्ट्या चिकटवल्या. स्वतःचं नाव इतक्या वेळा लिहायला किती वर्षांनी मिळालं.

शेजारच्या खोलीत विनी आहे. दुसऱ्या वर्षाला, एकोणीस वर्षांची. तांबूस केसांची वेणी कमरेपर्यंत. जिन्यात समोर आली तर भिंतीला चिकटून उभी राहते आणि सॉरी म्हणते.

सोमवार, २६ ऑगस्ट

सहा वाजता जेवण. मागच्या शेगडीवर एक प्रचंड पातेलं कायम मंद आचेवर असतं. त्याचं नाव डोरिस. "आज डोरिस काय म्हणतेय?" असं विचारत एकेकजण वाडगा घेऊन येतो. दर रविवारी फ्रिजमधलं नाव नसलेलं सगळं डोरिसमध्ये जातं. अर्धा कांदा, परवाचा भात, कुणीतरी चावून ठेवलेलं कणीस. अकरा वर्षांत ती एकदाही रिकामी झालेली नाही, हे मॅरेन अभिमानानं सांगते. मला ऐकूनच कसंतरी झालं. वर जाड साय होती आणि कडेला तपकिरी थर. पण वास असा की पाय आपोआप तिकडे वळले. मी दोनदा वाढून घेतलं.

जेवणानंतर बैठक. इथे टाळ्या वाजवत नाहीत. पटलं की दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, सगळ्यांनी एकदमच नखं रंगवली आहेत आणि वाळवतायत. शेजारी बसलेल्या कोल्बीला तसं म्हटलं तर तो खो खो हसला. हा वरच्या मजल्यावरचा उंच मुलगा, नाटकाचा विद्यार्थी. दिवस संपायच्या आत सगळे मला 'आई' म्हणायला लागले होते. थट्टाच, पण मला ती लागायला हवी होती तशी लागली नाही.

रविवार, १ सप्टेंबर

माझी पाळी, फ्रिज धुण्याची. तळाच्या कप्प्यात काकडीचं पाणी झालं होतं. त्यात एक चीजचा तुकडा, वर करडी लव, बोटानं दाबल्यावर ती लव ओली निघाली. दुधाच्या बाटलीच्या तोंडाशी पिवळी खपली. दाराच्या रबरी कडेतून चमच्यानं खरवडून काढलेलं काय होतं ते मला सांगता येणार नाही. दोन वेळा बाहेर जाऊन श्वास घेऊन आले.

विनीच्या एकाही वस्तूवर नाव नाही. दही कुणीतरी खाल्लेलं, डब्याला आतून चाटल्याच्या खुणा. तिचा स्वेटर आज तिसऱ्या मुलीच्या अंगावर पाहिला. आणि न्हाणीघरात पेल्यात उभा केलेला तिचा दातांचा ब्रश. मी आत होते तेव्हा कोल्बी आला, बोलता बोलता त्यानं तो उचलला, दात घासले, खळखळून थुंकला आणि ब्रश परत ठेवला. पाठोपाठ विनी आली. ब्रश ओला आहे हे तिला दिसलं, त्यात कसलासा हिरवा कण अडकला होता तोही दिसला. नळाखाली धरला आणि तोंडात घातला.

मी तिला विचारलं, नाव का लिहीत नाहीस. म्हणाली, लिहायला घेतलं की वाटतं आपण कुणाला तरी ढकलून पुढे जातोय.

गुरुवार, १२ सप्टेंबर

जेवताना घशात काहीतरी अडकलं. बोटं घालून ओढलं तर केस. संपेचना. हातभर लांब, तांबूस, रश्शानं चिकट झालेला, आणि त्याचं शेवटचं टोक घशातून वर येताना मला पोटापर्यंत जाणवलं. मॅरेन म्हणाली, सव्वीस डोकी आहेत गं घरात, टक्कल कुणालाच नाही.

सगळे हसले, विनीसुद्धा. तेव्हा माझं लक्ष गेलं. तिची वेणी नव्हती. मानेपाशी केस वेडेवाकडे कापलेले. कोल्बीला नाटकातल्या टोपासाठी हवे होते. त्यानं म्हणे विचारलं होतं, हे कुणाचे आहेत? ती काहीच बोलली नाही. मग त्यानं कात्री आणली. उरलेल्या तुटक्या केसांचं काय केलं ते मी विचारलं नाही. उत्तर माझ्या वाडग्यात होतं.

रविवार, २२ सप्टेंबर

काल दुपारभर बसून विनीच्या सगळ्या वस्तूंवर मी 'विनी' लिहिलं. कप, चादर, बूट, नवा ब्रश. ती पलंगावर पाय दुमडून बसली होती आणि प्रत्येक वस्तूला सॉरी म्हणावं तशी बघत होती.

आज बैठकीत तोच विषय निघाला. कुणीही आवाज चढवला नाही. मॅरेन माझ्याकडे बघून प्रेमानंच बोलली. पट्टीवर फक्त स्वतःचं नाव लिहायचं. दुसऱ्याचं लिहिणं म्हणजे त्याच्या तोंडून आपण बोलणं, आणि या घरात कुणी कुणाच्या तोंडून बोलत नाही. एकेकानं बोटं हलवायला सुरुवात केली. पन्नासेक हात वर, बोटांचं ते वळवळणं, दगड उलथल्यावर खाली दिसतं तसं. माझे हात मांडीवरच राहिले. विनीनं दोन्ही हात वर केले होते.

बैठक संपायच्या आत पट्ट्या निघाल्या.

बुधवार, ९ ऑक्टोबर

चमच्यात नख आलं.

आधी वाटलं कांद्याचं साल. दाढेखाली कचकन वाजलं म्हणून काढून पाहिलं. मुळासकट होतं. त्याला खाली मऊ पांढरं काहीतरी चिकटलेलं, आणि वर उडालेला हिरवा रंग. विनी हाच रंग लावते. तिच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, त्यातून गुलाबी पाणी पाझरत होतं आणि ती उजव्या हातानं जेवत होती. काप करायच्या यंत्रात गेलं म्हणाली. मग म्हणाली, तिथे उभ्या असलेल्यांनी आधी विचारलं होतं, हे तुला लागतं का?

मी ते नख तळहातावर घेऊन मॅरेनकडे गेले. तिनं चिमटीत उचललं, उजेडात धरून बघितलं आणि डोरिसमध्ये सोडलं. ढवळलं. इथे वाया काही घालवत नाही, आई, म्हणाली.

मी मागच्या अंगणात जाऊन ओकले. सगळं बाहेर पडेपर्यंत ओकले. आता हे लिहायला नको, पण लिहिते. तोंड धुतलं आणि सात वाजता परत आत गेले. अर्धा वाडगाच घेतला.

रविवार, २० ऑक्टोबर

बैठक. व्हरांड्यातला सोफा ठेवायचा की टाकायचा. सगळ्यांनी बोटं हलवली. मी विनीची मोजली. आठ.

सोमवार, २१ ऑक्टोबर

विद्यापीठाच्या निवास कचेरीत गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, ते घर आमच्याकडे येत नाही. तुम्ही मुलीच्या आई का? नाही म्हटल्यावर तिनं पेनाचं टोपण लावलं. दवाखान्यात म्हणाले, मुलीनं स्वतः यायला हवं. विनी येत नाही.

मग पोलिसांना फोन केला. दुपारी तीनला दोघं आले. विनी व्हरांड्यात येऊन म्हणाली, स्वयंपाक करताना लागलं, माझाच वेंधळेपणा. मॅरेननं त्यांना थंडीचं उभ्याउभ्या खायला दोन वाडगे दिले. त्यांनी खाल्लं. एकानं बोटानं वाडगा पुसून घेतला आणि यात काय काय घालता असं विचारलं. मॅरेन म्हणाली, जे असेल ते.

मी खिडकीतून बघत होते. मला किळस आली, ती त्यांची नव्हे. त्यांचे वाडगे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

शनिवार, २ नोव्हेंबर

विनीला गाडीत घालून माझ्या बहिणीकडे न्यायचं ठरवलं. आज सकाळीच. तिची बॅग मी भरली. खाली आले तर गाडी नव्हती. किल्ली मी दाराजवळच्या खुंटीवर अडकवली होती. किल्लीवर पट्टी नव्हती. चहाच्या डब्यावर लावली, उशीवर लावली, आणि किल्लीवर नाही. कोल्बी म्हणाला, शिकागोला कुणालातरी जायचं होतं बहुतेक. अगं आई, एवढंसं तोंड काय करतेस, आमच्या सगळ्यांच्या सायकली आहेत ना, घे की त्यातली कुठलीही.

बहिणीला फोन केला. रडायला आलं, नीट सांगता आलं नाही. ती म्हणाली, हायडी, तू जेवतेस ना वेळेवर?

रविवार, १० नोव्हेंबर

विनी भिंतीला धरून चालते. डाव्या पायात मोजा, मोज्यात टाचेच्या जागी काही नाही, कापड आत खोल जातं. उजवा कान नाही. तिथे कुणीतरी नीटनेटकी पट्टी बांधून दिलीय, त्यांना वाटतं ते तिची काळजी घेतात. तिच्या खोलीत गोडसर वास येतो, बंद डब्यात विसरलेल्या मांसाचा. जखमा मीच धुते. फडकं सोडताना त्याला तार सुटते. दोन फुलपात्रं पाणी लागतं. मी नाकानं श्वास घेत नाही. घेतला तर —

आज मांडीच्या जखमेवरचं बोटाला लागलं आणि मी ते बोट धुतलं. लगेच धुतलं. पण धुण्याआधी मी क्षणभर बघत होते त्याच्याकडे.

घरात दुसरं काही खाल्लं तर माती लागते. ब्रेड, सफरचंद, सगळंच.

सोमवार, १८ नोव्हेंबर

फ्रिजवर कागद लागलाय. मॅरेनचं टपोरं अक्षर, कोपऱ्यात हसऱ्या टर्की कोंबडीचं चित्र. थँक्सगिव्हिंगच्या सुटीआधी सफाई. बुधवार, दुपारी बारा. नाव नसलेलं सगळं डोरिसमध्ये. काही मागे ठेवायचं नाही. खाऊनच सगळ्यांनी घरी जायचं.

आज जिन्यात विनी भिंतीला टेकून उभी होती आणि वर जाणारा प्रत्येकजण थांबून तिला बघत होता. वाईट नजरेनं नाही. फ्रिज उघडून उभं राहतात ना, तसं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

तिला मार्कर दिला. पट्टी फाडून तिच्या गुडघ्यावर ठेवली. म्हटलं, दोन अक्षरं लिही, विनी. मी दुसरं काही मागत नाही. तीन बोटांत तिनं तो धरला. टोक पट्टीला लागलं. ठिपका उमटला. मग हात खाली.

मी ओरडले तिच्यावर. आईवरही इतकी कधी ओरडले नव्हते.

ती म्हणाली, "घरी मला कुणी कधी मागितलंच नाही गं. ना आईनं, ना तिच्या नवऱ्यानं. मी निघाले त्या दिवशी ती दोघं टीव्ही बघत होती. इथे सगळ्यांना मी हवी असते."

मी म्हटलं, हवी असणं म्हणजे हे नाही.

तिनं मार्कर माझ्या हातात परत ठेवला. मग विचारलं, "तुला कधी मागावंसं नाही वाटलं?"

सोमवार, २५ नोव्हेंबर

झोप नाही. एकच वाट दिसते. दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही. स्वतःचं लिहिता येतं. जे आपलं आहे त्यावर.

पण ती माझी नाही. माणूस कसा कुणाचा —

लिहायचं नाही. दुसरं काहीतरी सुचेल.

बुधवार, २७ नोव्हेंबर

क्रमानं लिहिते.

पावणेबाराला तिला खाली आणलं. कोल्बीनं पाठुंगळी घेतलं होतं. त्याच्या कानात ती काहीतरी बोलली, तो हसला. मोठ्या टेबलावर निजवली. खाली स्वच्छ कापड. सगळे वाडगे घेऊन भोवती. बॅगा दाराशी रचलेल्या. डोरिसचं झाकण काढलेलं, वाफ तोंडावर. कुणीतरी कांदा चिरत होतं.

मॅरेननं दोनदा विचारलं, रीतीप्रमाणे. नाव आहे का कुठे? पाठ बघितली, पाय बघितले. विनी छताकडे बघत होती. मग मॅरेन वळून तिला म्हणाली, "राणी, शेवटचं विचारते. कुणाची आहेस?"

विनी म्हणाली, "सॉरी."

मी पट्टी फाडली. टेबलावरच लिहिलं. हायडी. तिच्या कपाळावर लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली.

कांदा चिरायचा थांबला. मॅरेननं वाकून वाचलं. तिचा चेहरा पडला, पण ती नियमाची पक्की आहे. म्हणाली, "बरं. हायडीची आहे. कुणी हात लावायचा नाही."

बोटं हलली. सगळ्यांची. मग त्यांनीच तिला उचलून माझ्या खोलीत आणून ठेवलं. माझ्या पलंगावर, माझ्या उशीजवळ. कोल्बी जाताना म्हणाला, नशीबवान आहेस आई.

दोनपर्यंत घर रिकामं. डोरिससुद्धा, अकरा वर्षांत पहिल्यांदा. तळापर्यंत खाऊन, घासून, पालथी घातलीय.

वाचली. वाचली ती.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. आम्ही दोघीच. कपाटात काही नाही, फ्रिज पुसून कोरडा. दुकानं आज बंद. तिला कोमट पाणी चमच्यानं पाजलं. प्यायली. ती हसते. कपाळावरची पट्टी काढू देत नाही. हात लावून बघते, आहे ना म्हणून.

मी तुझी, म्हणते. तुझी.

दुपारी तिचे केस विंचरले. कातडी कानामागे किती पातळ. शिरा दिसतात.

मी खोलीबाहेर बसले. दार लावून. मग उघडलं. एकटी कशी ठेवायची.

कालपासून पोटात काही नाही. पोट आवाज करतं आणि ती ऐकते.

शुक्रवार

दुकान उघडलं असेल. चालत तासभर. अंडी, ब्रेड — जाते. बूट घातले. काढले. मी गेले आणि मागे कुणी आलं तर — पट्टी आहे. पण तरी.

अंडी मातीसारखीच लागणार.

तिनं विचारलं, बाकीचे मागायचे तरी. तू का मागत नाहीस? नको आहे का मी तुला?

हवी आहेस, म्हटलं. तसं नाही.

रडली. नको असलेली, परत. माझ्यामुळे.

शनिवार

मानेपाशी वास घेतला. फक्त वास. बाळाचा घेतात तसा. तोंड भरून आलं, गिळलं, परत भरलं. स्वतःचीच शिसारी —

कुणी हात लावायचा नाही, म्हणाली होती मॅरेन. माझा हात त्यात येत नाही. माझी आहे.

हे मी लिहिलं? खोडते. नाही, राहू दे.

तिनं दोन्ही हात पुढे केलेत. उशीवर, माझ्या वहीशेजारी. सहा आहेत अजून. थंड आहेत. मी नको म्हटलं, आणि म्हणताना ओठ तिला लागले, इतकी जवळ —

हसतेय. किती दिवसांनी अशी —

एकच. धाकटं. दुखणार नाही असं हळू, मला येतं हळू, आईला मी कधी —

खारट आणि